‘राजीखुशी’चा अर्थ

इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द देण्याचे काम आपल्याकडे मोल्सवर्थ व कँडी यांच्या काळापासून चालू आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. तेव्हापासून शास्त्र, कायदा, राज्यकारभार, व्यापार यांतील हजारो शब्दांची आपण बरीवाईट सोय लावून घेतली आहे. परंतु एक शब्दकुल असे आहे की, त्याच्या बाबतीत भाषांतरकाराची लेखणी अजून चाचपडते. एका मनुष्याने दुसऱ्याकडून एखादी गोष्ट कशी करवून घेतली, हे सांगणारे ते शब्द होत. ‘फोर्स’, ‘कंपेल’, ‘कोअर्स’, ‘ऑब्लाइज’, ‘इंड्यूस’, ‘इन्फ्लुअन्स’, ‘पर्सुएड’, ‘कन्व्हिन्स’ अशी ही मोठी पंगत आहे. आणि आपण तिला बहुधा ‘सक्ती करणे’ व ‘मन वळविणे’ या दोनच पत्रावळींवर जेवू घालतो.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. पण या शब्दांवर मनुष्याची संमती खरी की खोटी हे ठरत असते, आणि संमतीवर जमीन, विवाह, दत्तक, मत, धर्म अशा सर्वच गोष्टी उभ्या असतात. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट नावाचे गाव आहे. तेथील असो की महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही गावचा असो, जमिनीचा दस्त उघडून पाहावा. त्याच्या अखेरीस एक ठरलेले वाक्य बहुधा असतेच. हा दस्त आपण राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देत आहोत, असे लिहून देणारा त्यात म्हणतो. हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की ते कोणी वाचीत नाही. आमचे म्हणणे असे की, एखाद्या कवितेची ओळ आपण जितक्या काळजीने तपासतो तितक्याच काळजीने हे वाक्य एकदा तपासून पाहावे. ते काय सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते काय सांगण्याचे टाळते, हे पाहणे प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम इंग्रजी शब्दांकडे वळू. यांतील बहुतेक शब्द लॅटिनमधून आलेले असून प्रत्येकाच्या पोटात एकेक जुने चित्र दडलेले आहे. ‘फोर्स’च्या मुळाशी बळकटपणा आहे. ‘कंपेल’ म्हणजे गुरे हाकावी तसे हाकून एके ठिकाणी आणणे. ‘कोअर्स’ म्हणजे कोंडणे, आवार घालून आत ठेवणे. ‘ऑब्लाइज’ म्हणजे बांधणे. ‘इंड्यूस’ म्हणजे हाताला धरून आत नेणे. ‘इन्फ्लुअन्स’ हा मूळचा ज्योतिषातला शब्द. ग्रहताऱ्यांपासून काही सूक्ष्म द्रव्य वाहत येऊन मनुष्याच्या स्वभावात उतरते, अशी त्यामागे कल्पना होती. ‘कन्व्हिन्स’मध्ये जिंकण्याचा धातू आहे. आणि ‘पर्सुएड’च्या मुळाशी जो धातू आहे तो आपल्या ‘स्वादु’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. गोड करून सांगणे हा त्याचा मूळ भाव. आपण ‘गोडीगुलाबीने’ म्हणतो तेव्हा नकळत त्याच जुन्या कल्पनेची ओळख देत असतो.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हे खरे. परंतु चालू वापरातही या शब्दांच्या हद्दी बऱ्याच स्पष्ट आहेत. पावसाने प्रवाशाला धर्मशाळेत थांबणे भाग पाडले, तर तेथे ‘कंपेल’ चालेल. ‘कोअर्स’ चालणार नाही. कारण ‘कोअर्स’ला धमकी लागते, धमकीला हेतू लागतो, आणि हेतू पावसाला नसतो. ‘ऑब्लाइज’चा प्रकार याहून मजेचा आहे. कायद्याने बांधून घेणे आणि उपकार करणे हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात नांदतात. उपकार हेदेखील बंधनच आहे, हे त्या भाषेने केव्हाच ओळखले होते. आपल्याकडील ‘मिंधा’ हा शब्द तेच जरा कडवटपणे सांगतो. ‘पर्सुएड’ व ‘कन्व्हिन्स’ यांतील भेद चोखंदळ इंग्रजी लेखक असा करीत आले आहेत की, पहिल्याचा शेवट कृतीत होतो आणि दुसऱ्याचा मतात. तंबाखू वाईट हे तंबाखू खाणाऱ्याला पुरते पटलेले असते. तो ‘कन्व्हिन्स’ झालेला असतो. ती सोडण्यास मात्र त्याला कोणी ‘पर्सुएड’ करू शकलेले नसते.

सारांश, इंग्रजी शब्द हे बहुधा साधनावरून वेगळे झालेले आहेत. हत्यार कोणते वापरले, काठी, कुलूप, दोरी, युक्तिवाद की गोड बोलणे, हे ते सांगतात. मराठीची वाटणी निराळ्या तत्त्वावर झाली आहे. आपले शब्द पाहावेत: आग्रह, आर्जव, मनधरणी, गळ, तगादा, लकडा, धाक, दरारा, वजन, शब्द टाकणे, भरीस घालणे, गळी उतरविणे, भीड. यांतील बहुतेक शब्द मागणारा कोण आणि ज्याच्याकडे मागावयाचे तो त्याचा कोण लागतो, हे आधी सांगतात. मनधरणी रुसलेल्याची करावयाची, तगादा देणेकऱ्याकडे लावावयाचा, धाक वडिलांचा किंवा मास्तरांचा, वजन प्रतिष्ठिताचे, आग्रह यजमानाचा. पाहुण्याच्या पानात नको म्हणत असता वाढलेली पुरणपोळी ही सक्ती आहे काय? इंग्रजी कोशाप्रमाणे उत्तर द्यावयाचे तर पंचाईत होईल. मराठी मनुष्य तिला बिनदिक्कत ‘आग्रह’ म्हणतो, आणि तो झाला नाही तर पाहुणा मनातून खट्टू होतो.

‘पटणे’ या साध्या क्रियापदाकडेही पाहावे. तुमचे म्हणणे मला पटले, असे आपण मताविषयी म्हणतो. आणि त्या दोघांचे पटत नाही, असे नात्याविषयी म्हणतो. मत जुळणे व माणूस जुळणे या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे. इंग्रजीत ‘कन्व्हिन्स’ झालेला मनुष्य वादात हरलेला असतो. मराठीत ज्याला पटले तो दुसऱ्याशी एक झालेला असतो. ही कल्पना मोठी मनोहर आहे खरी. परंतु तिच्या पोटात एक धोकाही आहे. ज्या घरात मत न पटणे म्हणजेच माणसाशी न पटणे होय, त्या घरात ‘मला हे पटत नाही’ एवढे म्हणण्यासही धैर्य लागते. हा धोका वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता ‘सक्ती’चे पाहू. फारसीतील ‘सख्त’ म्हणजे कठीण, या शब्दापासून आलेली ही संज्ञा आपण इतकी ताणली आहे की तिच्या अंगावर कोणतेही वस्त्र बसते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण ‘सक्तीचे’ केले व १९०६ साली ते सर्व संस्थानास लागू केले. गोखल्यांनी १९११ साली तसेच विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते नामंजूर झाले. शाहू महाराजांनी कोल्हापुरास १९१७ साली ते पाऊल टाकले. २००९ सालच्या कायद्याच्या मराठी नावातही बालकांचा ‘सक्तीच्या’ शिक्षणाचा हक्क आहे. हक्क आणि तो सक्तीचा, हे ऐकून परक्याला हसू यावे! इंग्रजीत ही अडचण नाही. तेथे ‘कंपल्शन’ कायद्याचे असते आणि ‘कोअर्शन’ धमकीचे. मराठीत मात्र मुलीला शाळेत पाठविणे हीही सक्ती आणि मुलीला मनाविरुद्ध बोहल्यावर उभी करणे हीही सक्तीच. अशा वेळी मुलीचा बाप दोन्हींविरुद्ध एकच तक्रार करू शकतो, आणि एकाच शब्दाने दोन्हींचे समर्थनही करू शकतो.

याच्या उलट प्रकारही घडतो; बळ खरे असते आणि शब्द मवाळ निवडला जातो. ईट ज्या मुलखात आहे त्याला हा अनुभव विशेष आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या जुलुमाने तो गांजून गेला होता, आणि तेथे ‘जुलूम’ हा शब्द अलंकारिक नव्हता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य रणगाडे व विमाने यांसह संस्थानात शिरले. सोलापूरच्या रस्त्याने येणाऱ्या तुकडीने त्याच दिवशी याच जिल्ह्यातील नळदुर्ग घेतला, आणि १७ तारखेस निजामाने माघार घेतली. या साऱ्यास अधिकृत नाव पडले ते ‘पोलीस ॲक्शन’! सैन्याच्या स्वारीला शिपायाच्या कारवाईचे नाव देण्यात हेतू उघड होता. हा दोन राज्यांतील तंटा नसून घरातील बंदोबस्त आहे, असे जगाला सांगावयाचे होते. मुक्तीची गरज खरी होती आणि ती मिळाल्याचा आनंदही खरा होता. मराठवाडा १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो तो योग्यच आहे. परंतु त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान रहिवाशांची जी हत्या झाली तिची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, आणि ज्या चार जिल्ह्यांची हानी तिला सर्वांत अधिक आढळली त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा एक होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ‘पोलीस ॲक्शन’ या दोन शब्दांत रझाकारांचा जुलूम मावत नाही, सैनिकांचा पराक्रम मावत नाही आणि नंतरचे रक्तही मावत नाही. शब्द जेव्हा इतके काही झाकतो, तेव्हा तो कोणाच्या सोयीचा आहे हे विचारणे टीकाकाराचे कर्तव्य ठरते.

राज्यांचे व्यवहार सोडून माणसामाणसांतील व्यवहाराकडे आलो म्हणजे कायद्याची मदत होते. १८७२ चा करारविषयक कायदा या शब्दांचा सर्वांत काटेकोर कोश आहे, असे म्हटले तरी चालेल. हैदराबादच्या मुलखास तो १९५१ साली लागू झाला. संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता देणे, अशी त्याची व्याख्या आहे. ही संमती मोकळी केव्हा नसते, हे सांगताना त्याने ‘कोअर्शन’ व ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ यांना वेगळे काढले आहे. दंडविधानाने मना केलेले कृत्य करणे वा करण्याची धमकी देणे, अथवा कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे, ही ‘कोअर्शन’. तिला आपण जबरदस्ती म्हणू. ‘जबर’ म्हणजे वरचा आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर आहे त्याचे कृत्य ते जबरदस्ती. शब्द नेमका आहे.

पण हात वर न करताच कोणी धमकी दिली तर? १९१७ साली मद्रास हायकोर्टापुढे एक विलक्षण प्रकरण आले. एका मनुष्याने आपल्या बायकोला व मुलाला सांगितले की, तुम्ही या मालमत्तेवरील हक्क माझ्या भावाच्या नावे सोडून दिला नाहीत तर मी जीव देईन. त्यांनी हक्क सोडल्याचा कागद लिहून दिला. ही जबरदस्ती होय की नव्हे? तीनपैकी दोन न्यायाधीशांनी होय म्हटले. तिसऱ्यांचे मत विरुद्ध पडले. आत्महत्येला शिक्षा देता येत नाही, कारण ती पार पडल्यावर शिक्षा भोगण्यास कोणी उरत नाही. मग तिला कायद्याने मना केलेले कृत्य म्हणावे काय, असा तो वाद होता. बहुमताने असे धरले की, शिक्षा नसली तरी मनाई आहेच.

आपल्या देशाला ही धमकी नवी नव्हती. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसून त्याच्या माथी पाप चढविण्याची धरण्याची चाल जुनी आहे. १८६० च्या दंडविधानात दैवी कोपाची भीती घालून काम करवून घेणे हा अपराध ठरविला गेला आणि उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाराच घेतला गेला. १ जुलै २०२४ पासून त्या विधानाची जागा न्याय संहितेने घेतली, तरी हे कलम तिच्यातही राहिले आहे. धरणे हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. धरणारा दुसऱ्याला हात लावीत नाही. तो स्वतःला त्रास देतो आणि दुसऱ्याला धरून ठेवतो.

या शतकानुशतकांच्या चालीतूनच आधुनिक काळातील उपोषणाचा प्रश्न उभा राहिला, आणि महाराष्ट्राच्या भूमीवर त्याची दोन मोठी उदाहरणे घडली. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्य मानलेल्या वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण आरंभले. २४ तारखेस पुणे करार झाला. हिंदू समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी करणे हा आपला हेतू आहे, असे गांधीजींचे म्हणणे. उलट डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या उपोषणास, असहाय समाजाकडून त्याचे संरक्षण काढून घेण्यासाठी केलेली ‘कोअर्शन’च म्हटले. ज्यांच्या मनावर परिणाम व्हावा असे गांधीजी म्हणत होते ते सवर्ण हिंदू. आणि ज्यांना सही करावी लागली ते आंबेडकर. गांधीजींच्या जीवास अपाय झाला असता तर त्याचा सूड खेडोपाडी विखुरलेल्या दुबळ्या वस्त्यांवर उगवला गेला असता, ही भीती काल्पनिक नव्हती. करारात राखीव जागा वाढून १४८ झाल्या हे खरे. पण वाढीव मोबदल्याने संमती मोकळी ठरत नाही.

पंढरपुरास १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, तेही दडपणच होते असे म्हणणारे तेव्हा होते व आजही आहेत. परंतु दोन्ही उदाहरणे एकाच मापाने मोजता येत नाहीत. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागविले होते. आणि ज्यांच्यावर दडपण आले ते दार अडवून उभे होते, दाराबाहेर नव्हते. त्यांनी होकार दिला तर त्यांचे जे जाणार होते ते दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार एवढेच होते. येरवड्यास ज्यांच्यावर भार आला त्यांचे नुकतेच हाती आलेले संरक्षण जाणार होते. साधन तेच, उपवास. तरी नाव एकच देता येत नाही. म्हणजे इंग्रजी शब्दांप्रमाणे हत्यार पाहून निवाडा होत नाही. मराठी शब्दांप्रमाणे नातेही पाहावे लागते: कोण कोणाला सांगत आहे, आणि नकार दिल्यास त्याची किंमत कोणाला पडणार आहे.

हीच कसोटी ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ला लावावयाची. मराठीत याला कोणी गैरवाजवी दडपण म्हणतात, कोणी अनुचित प्रभाव. एका पक्षाची स्थिती दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व चालविण्याजोगी असावी, आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घ्यावा, हे याचे सार. १८९० साली अलाहाबादच्या हायकोर्टापुढे एका वृद्धाचे प्रकरण आले. परलोकाच्या आशेने त्याने आपली सर्व मालमत्ता आपल्या गुरूला देऊन टाकली होती. गुरूने काठी उगारली नव्हती, धमकी दिली नव्हती; तरी ते दान कोर्टाने टिकू दिले नाही. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या दस्तांबाबतही कोर्टांनी फार पूर्वीपासून दक्षता घेतली आहे. अशा स्त्रीला कागदातला मजकूर समजला होता, हे सिद्ध करण्याचा भार तो कागद पुढे करणाऱ्यावर पडतो.

येथवर कायदा आपल्याबरोबर येतो. यापुढे त्याचा हात सुटतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मराठीचा एक शब्द आपली वाट पाहत उभा असतो. तो शब्द ‘भीड’.

मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली दिला. वडील कायदा होण्यापूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२० च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. कायद्याने हक्क दिला, आणि खेड्यात त्याच्या पाठोपाठ एक कागद आला. त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील वारतात, वारसांच्या नोंदी लागतात, सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात, आणि काही दिवसांनी भाऊ गाडी करून बहिणीला घेऊन जातो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती सही करते. घरी साडीचोळी होते, गोडाचे जेवण होते. हा प्रकार एकट्या ईट गावचा नव्हे. मराठी मुलखातील ज्या घरात जमीन आहे आणि बहीण आहे त्या प्रत्येक घराला तो ठाऊक आहे.

तिच्यावर जबरदस्ती झाली काय? नाही. कोणी हात उगारला नाही. तिचे मन वळविले गेले काय? तेही नाही, युक्तिवाद असा झालाच नाही. गैरवाजवी दडपण? भाऊ गुरू नव्हे, वकील नव्हे. आणि केवळ रक्ताच्या नात्यावरून वर्चस्व गृहीत धरता येत नाही, असे कोर्टांचेही म्हणणे आहे. पडदानशीन म्हणावे तर ती स्वतः शेतात राबणारी. मग काय झाले? तिला भीड पडली. तिच्या लग्नासाठी भावाने कर्ज काढले होते, हे कोणी बोलून दाखविले नाही. तिला ते आठवले. नाही म्हटले तर भाऊबीजेला कोणत्या तोंडाने जावे, बाळंतपणाला मुलीला कोठे न्यावे, सासरी काही कमीजास्त झाले तर कोणते दार ठोठवावे, हे तिला कोणी विचारले नाही. ते तिने स्वतःशीच विचारले. ‘पटणे’ या शब्दाविषयी वर जे लिहिले ते येथे आठवावे. ‘मला हे पटत नाही’ असे ती म्हणाली असती तर भावाशी पटत नाही, असाच त्याचा अर्थ गावाने केला असता.

भिडेला इंग्रजीत शब्द नाही. तिच्यात आदर आहे, संकोच आहे, माया आहे, मिंधेपण आहे आणि थोडे भयही आहे. आणि या सर्वांचे मिश्रण असे झालेले असते की, त्यातला एकेक पदार्थ वेगळा काढून दाखविता येत नाही. जिला भीड पडली तिला स्वतःलाही आपली माया कोठे संपली आणि भय कोठे सुरू झाले हे सांगता येणार नाही. भीड ही भिकेची बहीण, असे म्हणीत म्हटले आहे. म्हण करणाऱ्यापुढे हक्कसोडपत्र नव्हते. तरी ती या कागदावर शिक्क्यासारखी बसते.

आता त्या ठरलेल्या वाक्याकडे पुन्हा पाहावे. दबाव नव्हता, नशा नव्हती, अक्कल जागेवर होती, हे सारे त्यात नाकारलेले वा कबूल केलेले आहे. भीड नव्हती, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. आणि ज्या शब्दाने ते सुरू होते तो ‘राजीखुशी’ हा जोडशब्द तर आम्हांस सर्वांत लबाड वाटतो. राजी असणे आणि खुशी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोगी शस्त्रक्रियेला राजी होतो, खुशीने नव्हे. हैदराबादचा निजाम १७ सप्टेंबरला राजी झाला, खुशीने नव्हे. त्या जोडशब्दाने दोघांची गाठ अशी मारून टाकली आहे की, राजी झालेली बहीण कागदावर आपोआप खुशही ठरते.

यावर कोणी म्हणतील की, सर्वच बहिणी भिडेने सोडतात असे नाही. कित्येकजणी आनंदाने सोडतात, भावाची ओढाताण त्यांना दिसत असते, चार एकरांचे चार तुकडे होऊन कोणाचेच भागणार नाही हे त्यांना कळते. हे म्हणणे आम्ही मानतो; अशा बहिणींच्या औदार्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. उलट, आमचे म्हणणे त्यांच्याच बाजूचे आहे. भिडेने दिलेल्याला जोवर आपण औदार्य म्हणत राहू तोवर खऱ्या औदार्याला ओळखण्याचे साधन आपल्यापाशी उरणार नाही. दुसरे कोणी म्हणतील की, भीड हाच तर घराचा सिमेंट-चुना. ती काढली तर भिंती ढासळतील. तेही अंशतः खरे आहे. भिडेवाचून माणसे एकत्र राहणार नाहीत. परंतु ती दोन्ही बाजूंनी पडावयास हवी. बहिणीला भावाची भीड पडते. भावाला बहिणीच्या हिश्श्याची भीड का पडू नये? जी भीड नेहमी एकाच दिशेला वाहते तिला संकोच न म्हणता उतार म्हणावे. आणि उताराच्या तळाशी नेहमी तेच तेच मनुष्य उभे असते.

भिडेचा कायदा करता येईल, असे आम्हांस वाटत नाही, आणि तो करावा असेही आम्ही म्हणत नाही. कायदा काठी पाहू शकतो, कुलूप पाहू शकतो, फार तर गुरूचे आसन पाहू शकतो. भाऊबीजेचे ताट त्याला दिसणार नाही. ते भाषेला दिसते. म्हणून ज्यांच्या हाती भाषा आहे अशांकडे, म्हणजे भाषांतरकार, शिक्षक, वकील, दस्त लिहिणारे आणि सुशिक्षित कुटुंबांतील वडीलधारी माणसे यांच्याकडे, आमचे मागणे आहे. ‘कंपल्शन’ व ‘कोअर्शन’ या दोहोंना एकाच ‘सक्ती’त कोंबू नये, कायद्याच्या सक्तीला सक्ती म्हणावे आणि धमकीच्या सक्तीला जबरदस्ती. ‘पोलीस ॲक्शन’सारख्या उसन्या शब्दाखाली काय झाकले आहे ते मुलांना सांगावे. आणि इंग्रजीत प्रतिशब्द सापडत नाही म्हणून आपल्या हिशेबातून ‘भीड’ गाळू नये. परभाषेत नसलेला आपला शब्द हा आपला मागासलेपणा नसून पुष्कळदा आपले अधिक बारीक पाहणे असते.

सही करण्यापूर्वी बहिणीला एक प्रश्न विचारण्याची चाल घरोघर पडली तर बरे होईल. तुला पटते काय, हा तो प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर ठरलेले आहे. ‘तू नाही म्हणालीस तर माहेरी तुझे काही उणे होईल काय?’ असे भावाने तिला विचारावे, आणि उत्तरादाखल आधी स्वतःच सांगावे की होणार नाही. इतके झाल्यावरही तिने सही केली, तर त्या कागदावरच्या ‘राजी’पुढे ‘खुशी’ लिहिण्यास आमची हरकत नाही.